पाश्चात्त्य अभिजात साहित्य: सुरुवात होमरपासूनच का?

सांजवारा:
पाश्चात्त्य अभिजात साहित्य वाचायचंय म्हटलं की जाणकार कालक्रमानं यादी देतात: प्राचीन ग्रीक कवी होमर, सोफोक्लीस, व्हर्जिल, दान्ते. माझ्या मते हा क्रम नव्या वाचकाला पळवून लावतो. होमरच्या ‘इलियड’ या युद्धकाव्याच्या दुसऱ्याच सर्गात जहाजांची आणि सरदारांची लांबलचक जंत्री येते आणि पुस्तक तिथेच मिटतं. त्यापेक्षा टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ची छोटी कादंबरी घ्या. न्यायाधीश गेल्याचं कळताच सहकाऱ्यांच्या मनात आधी येतं ते बदल्या-बढत्यांचं. विधवा बायको भेटायला आलेल्या मित्राला विचारते, सरकारकडून आणखी पैसे कसे मिळतील? हे कळायला कसलीही पूर्वतयारी लागत नाही.

माळरान:
साफ असहमत. एका जंत्रीपायी अख्खा होमर का टाकायचा? त्याचंच दुसरं महाकाव्य ‘ओडिसी’ घ्या. सतराव्या सर्गात युद्धावर गेलेला राजा ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी परततो. दाराबाहेर शेणाच्या ढिगावर त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस पडलेला, अंगभर गोचिड्या. तो धन्याला ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो, पण उठायचं त्राण नाही. जवळ जावं तर बिंग फुटेल, म्हणून ओडिसियस सोबत्याच्या नकळत डोळे पुसतो. आर्गोस तिथेच प्राण सोडतो. याला कसली पूर्वतयारी लागते? पुढे धनुष्याचा पण आहे, आणि रामायण-महाभारत ऐकत वाढलेल्यांना तो परका वाटणार नाही. एमिली विल्सनचा २०१७चा इंग्रजी अनुवाद तर अगदी सोप्या भाषेत आहे.

सांजवारा:
पण तुमचा नायक पाचव्या सर्गापर्यंत समोरच येत नाही. आधीचे चार सर्ग त्याच्या मुलाचे, टेलिमॅकसचे. नवा वाचक तेवढा थांबेल?

माळरान:
थांबायला हवं. आईला मागणी घालायला आलेले लोक घरात ठाण मांडून बापाची गुरंढोरं फस्त करताहेत आणि पोराचं काही चालत नाही. हे वाचलं नाही तर शेवटचा सूड नुसती कत्तल वाटेल.

बिनधास्त_वाचक:
कालक्रम आपल्याकडच्यांनी तरी कुठे पाळला? आगरकरांनी १८८३मध्ये ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’. मी नाटकापासून सुरुवात सुचवेन. ‘मॅकबेथ’ शेक्सपिअरची सर्वांत छोटी शोकांतिका आहे. आधी प्रयोग बघा, मग संहिता वाचा.

सांजवारा:
टेलिमॅकसचा मुद्दा पटला. तरी नोकरी, प्रवास सांभाळून जेमतेम अर्धा तास मिळणाऱ्याच्या हाती मी आधी चोवीस सर्ग देणार नाही. पहिलं पुस्तक संपल्याचा आनंद मिळू द्या. आधी टॉलस्टॉय, ‘ओडिसी’ त्यानंतर.