गटवार टक्केवारी: पोरांसाठी की तक्त्यासाठी?

खडूधारी
आमची दोनशिक्षकी झेडपीची शाळा, पहिली ते चौथी मिळून 19 पोरं. आज परत वाचनस्तराची, म्हणजे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यातलं कोण कुठपर्यंत वाचतं याची माहिती मागवलीये, मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, एससी, एसटी, दिव्यांग, स्थलांतरित, वर प्रत्येक गटाची टक्केवारी आणि मागच्या वेळेपेक्षा वाढ किती तेही. आता तिसरीत एसटीच्या मुली आहेत दोनच. मागच्या खेपेला दोघी गोष्ट वाचत होत्या, 100 टक्के. ह्या खेपेला एक तापातून उठून आलेली, अडखळली, झाले 50. केंद्रशाळेवरून फोन, आदिवासी मुलींची प्रगती निम्म्यावर कशी आली? काय सांगू, क्रोसिन दिली म्हणून? मास्तरला पोरगं नावानिशी माहीत असतं, त्याला हे गट कशाला हवेत!

आकडेमोड
सर, तुम्हाला नकोत पण तालुक्याला हवेत. सरासरी फार काही झाकते. समजा शाळेत 40 पोरं आहेत आणि 32 वाचतात, म्हणजे 80 टक्के, सत्कार, नारळ, फोटो. आणि न वाचणारी आठच्या आठ एकाच पाड्यावरची निघाली तर? गट पाडल्याशिवाय ते कुणाला दिसणारे?

खडूधारी
मला दिसतं की. आमची पाड्यावरची पोरं घरी पावरी बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना परकी, म्हणून अडतात. गंमत म्हणजे तुमच्या तक्त्यात जातीचा रकाना आहे, घरच्या बोलीचा नाहीये.

आकडेमोड
रकाना चुकलाय हे मान्य, मग बोलीचा मागा ना, गटच नको का म्हणताय? आणि उद्या तुमची बदली झाली की तुमच्या डोक्यातलं सगळं तुमच्याबरोबर गेलं, नवीन सर परत शून्यापासून.

बीडवाला
आमच्याकडची गोष्ट ऐका. दिवाळी झाली की अर्धा गाव ऊसतोडीला जातो, पोरंही सोबत. आता हिशोब बघा, पायाभूत चाचणीला 30 पोरं, त्यातली 15 वाचणारी, म्हणजे 50 टक्के. नंतर 10 गेली कारखान्यावर, त्यात वाचणारी दोनच. उरली 20, त्यातली 13 वाचणारी, 65 टक्के! पंधराची वाढ झाली आणि नवीन शिकलं कोणीच नाही. आधी आणि नंतर तीच पोरं धरून तुलना करा, नाहीतर ती प्रगती नव्हे, फक्त हजेरी. आणि जी गेली ती तर तक्त्यातूनच गेली, खरी काळजी त्यांचीच होती 🙏

तिसरीची_आई
मी शिक्षक नाही पण विचारते. माझी लेक जूनमध्ये नुसती अक्षरं ओळखायची, आता सलग परिच्छेद वाचते, गोष्टीला अजून अडते. अक्षर, शब्द, परिच्छेद एवढ्या पायऱ्या चढली तरी तक्त्यात 'गोष्ट वाचणारे' मध्ये ती नाहीच. आणि शेजारचा मुलगा पहिल्या दिवसापासून गोष्ट वाचतोय, वर्षभरात तसूभर पुढे नाही, तो मोजला जातो. हे कसलं मोजमाप?

स्पष्टवक्ता
सगळे सभ्य बोलताय म्हणून मी बोलतो. चाचणी घेणारे सर, तपासणारे सर, मार्क भरणारे पण सर, आणि वाढ दिसली नाही तर खुलासा त्यांच्याकडेच. कागदावर अख्खा वर्ग गोष्ट वाचतो आणि चावडी वाचनाला गावासमोर उभं केलं की पोरगं 'क ला काना का' वर येतं. गट पाडा नाहीतर नका पाडू, आत भरलेलंच खोटं असेल तर दोन्ही सारखंच.

खडूधारी
@स्पष्टवक्ता सगळे तसे नसतात हो, पण दाब आहे हे खोटं नाही.

लेस्टरकर
इंग्लंडात हे सगळं होऊन गेलंय. 2011 पासून प्युपिल प्रीमियम आहे, म्हणजे गरीब घरच्या मुलामागे शाळेला जादा पैसे, मग त्या गटाचं काय झालं ते दाखवा. मी इथे प्राथमिक शाळेत मदतनीस आहे, जुने लोक सांगतात की दर सहा आठवड्याला लाल-पिवळे-हिरवे तक्ते रंगवायचे. शेवटी 2019 ला ऑफस्टेडने, म्हणजे तपासणी करणाऱ्या संस्थेनेच, सांगितलं की शाळेने स्वतः बनवलेले प्रगतीचे आकडे आम्ही बघणार नाही, शिक्षकांवरचा बोजा हे त्यातलं एक कारण. राष्ट्रीय परीक्षांचे निकाल मात्र अजून बघतात.

आकडेमोड
म्हणजे गट ठेवलेच ना, फक्त घरगुती तक्ते सोडले. आणि तिथे गटामागे पैसा आला, तो मुद्दा सोडू नका.

खडूधारी
तोच तर मुद्दा आहे दादा. तिकडे गटामागे पैसा, आमच्याकडे गटामागे फोन. पावरी येणारा एक स्वयंसेवक द्या, हवे तेवढे गट पाडून देतो.
बीडवाल्यांचं मात्र पटलं. आजपासून वहीत एक पान केलंय, नाव, जूनमधली पायरी, आताची पायरी, टक्का नाही. फॉर्ममध्ये 'दोनच मुली, एक आजारी' असं लिहायला गेलो तर रकाना फक्त आकडा घेतो. 50 भरून पाठवलं.