मदत हवी आहे : शेवटच्या न्यायावरचा वर्ग, वाशी

जय ख्रिस्त मंडळी. वाशीत तरुणांसाठी शेवटच्या न्यायावर (जगाच्या अंती देव सर्वांचा न्याय करील, ही शिकवण) दीड तासाचा वर्ग घ्यायचा आहे. गाडी एकाच जागी अडते. बायबलमधल्या योहान ५:२४ नुसार विश्वास ठेवणाऱ्यावर न्यायाचा प्रसंग येत नाही. २ करिंथ ५:१० नुसार मात्र आपल्या सर्वांनाच ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभे राहायचे आहे. ही वचने लागोपाठ वाचली की मुले थेट ‘कृत्यांनी तारण’कडे, म्हणजे विश्वासाने नव्हे तर चांगल्या कामांनी उद्धार होतो या समजाकडे, घसरतात. म्हणून मध्ये १ करिंथ ३:१२-१५ ठेवले आहे : न्यायाच्या अग्नीत माणसाचे कच्चे काम जळते, पण तो स्वतः तारला जातो. पण मग मत्तय २५ मधली मेंढरे-शेरडे (न्यायाच्या वेळी वेगळे केलेले नीतिमान आणि दोषी लोक) कुठे बसवायची? तिथे तर निकाल भुकेल्याला दिलेल्या अन्नावर! (प्रकटीकरण २० मधले ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य मुद्दाम वगळले आहे, त्यातच तास जातो.) मत्तय आधी घ्यावा की शेवटी? शिकवणाऱ्यांनी कारणासकट सांगावे.