पिल्लू खाली कधी न्यायचं: लस आधी की वळण आधी?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

माहीमची खाडी

मुंबईत कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: शेवटची लस होईपर्यंत खाली न्यायचं नाही. सल्ल्यामागचं कारण खरं आहे, पार्व्हो, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबांनी मारणारा विषाणू. पण तो शब्दशः पाळला तर पिल्लू पहिल्यांदा रस्ता बघतं ते चार महिन्यांचं झाल्यावर. नवीन माणूस, नवीन आवाज, नवीन जमीन बिनधास्त स्वीकारायचं कुत्र्याचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतं. त्यातला आठव्या आठवड्यापर्यंतचा काळ ते आईजवळ असतं, असायलाच हवं. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्याआधी पिल्लू विकताच येत नाही. म्हणजे आपल्या हातात उरले चार ते सहा आठवडे. तेवढेच आपण कडी लावून घालवतो. मग सहाव्या महिन्यात ते रिक्षाला भुंकतं, छत्रीला घाबरतं, लिफ्टमधल्या काकांवर गुरगुरतं, आणि आपण म्हणतो "जातच तशी आहे".

माझं म्हणणं इतकंच, की खाली नेणं आणि खाली ठेवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या लसीनंतर आठवडाभराने पिल्लू कडेवर किंवा पोटाशी बांधलेल्या झोळीत घेऊन खाली जा. हार्नेसचा (छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांचा) पट्टा मनगटात अडकवलेला हवा. पिल्लं काही न सांगता उडी मारतात, आणि पॉमेरेनियनसारख्या बारीक हाडांच्या पिल्लाचा पुढचा पाय तेवढ्या उंचीवरून पडूनही मोडतो. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. वॉचमनच्या केबिनपाशी उभं राहा, दुसऱ्या दिवशी बस स्टॉपपाशी, नंतर कधीतरी मासळी बाजाराच्या तोंडाशी. जवळून काही गेलं की उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा. खाल्ला तर ठीक चाललंय. आवडीचा तुकडाही नाकारला, सारखी जांभई दिली, नाक चाटलं, कान मागे पाडले, तर वीस पावलं मागे सरका. एवढ्यासाठी पायाला माती लागायची गरज नाही.

शंकासूर

वाचायला छान आहे. आता बिल्डिंगमध्ये काय होतं ते बघू. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्याची दोन मुलं भेटतात, "अय्या, किती गोड", चार हात डोक्यावरून फिरतात. गेटवर आणखी सहा. त्यातलं एखादं मूल गल्लीतल्या आजारी पिल्लाला नुकतंच कुरवाळून आलेलं असतं. पार्व्होला चालत यावं लागत नाही, तो चपलेवर बसून येतो, हातावर बसून येतो. मातीत महिनोन् महिने टिकतो. फिनेलने मरत नाही. त्याला ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, तेही फरशी आधी साबणाने धुऊन आणि वर दहा मिनिटं ओली ठेवून. (आणि ब्लीच संडास धुवायच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.) सोसायटीच्या जिन्यावर हे कोण करणार आहे?

दुसरं, "पहिल्या लसीनंतर आठवडाभराने" ह्यावर लोक फारच विसंबतात. पिल्लाला आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीलाही निकामी करते. ती कुठल्या आठवड्यात ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून तर डोस ६-८ आठवड्यांना सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी देतात आणि शेवटचा १६ व्या आठवड्याच्या आत थांबवत नाहीत. पहिला डोस लागू पडला की वाया गेला, हे वरून कळत नाही. शिवाय पुष्कळ पिल्लांच्या पुस्तिकेत पहिल्या डोसपुढे नुसती तारीख असते, कुपीचं स्टिकर नसतं. स्टिकर नाही तर लस नाही, असंच धरायचं.

आणि पावसाळा? तुंबलेल्या पाण्यात उंदराचं मूत, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). २००५ च्या पुरानंतर माणसांत काय झालं ते मुंबईला ठाऊक आहे. लेप्टोच्या लसीचे दोन डोस झाल्याशिवाय संरक्षण नाही. शिकवणी दोन महिने उशिरा सुरू करता येते. मेलेलं पिल्लू परत आणता येत नाही.

रानडे रोड

शंकासूर, लसीबद्दल अक्षरशः सहमत. शेवटच्या वाक्याशी नाही. "दोन महिने उशिरा" सुरू करता येतं ते 'बस' आणि 'थांब'. ते कुत्रं दहाव्या वर्षीही शिकेल. न घाबरणं मात्र उशिरा शिकवायला गेलं की महिने लागतात, आणि अर्धंच जमतं. म्हणूनच अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं, की ७-८ आठवड्यांच्या पिल्लाला पहिल्या लसीनंतर किमान ७ दिवसांनी, स्वच्छ बंदिस्त जागेत, शिकवणी वर्गाला न्यायला हरकत नाही. डॉक्टरच आहेत ते, पार्व्हो माहीत नसलेले हौशी नव्हेत.

मुलांच्या हातांचं म्हणाल तर त्यावर उपाय सोपा आहे. पिल्लाला हात लावू द्यायचाच नाही. "लस चालू आहे, नुसतं बघा" एवढं म्हटलं की मुंबईत लोक ऐकतात. पिल्लालाही ह्यातून मोठा धडा मिळतो: दिसलेला प्रत्येक माणूस आपल्यासाठी आलेला नसतो. पुढे अंगावर उड्या मारणं त्यानेच निम्मं टळतं.

लिफ्ट मात्र घरी आणता येत नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. पहिले दोन दिवस आत जायचंच नाही. पिल्लू कडेवर, समोर दार उघडतंय, बंद होतंय, प्रत्येक वेळी एक तुकडा. मग दार उघडं धरून आत-बाहेर. मग एकच मजला. मग तीन. गिरगाव-ग्रँट रोडकडच्या जुन्या जाळीच्या लिफ्टमध्ये भिंत वर सरकताना दिसते, त्याने पिल्लं बिथरतात. त्याचं तोंड मागच्या फळीकडे करा. खाली उतरवायचं वय झालं की ह्याच लिफ्टमध्ये जाळीच्या फटीत पंजा अडकतो, तोही सांभाळायचा.

नव्या लिफ्टचा धोका वेगळा. गुंडाळणारा, लांब सुटणारा पट्टा तिथे वापरूच नका. कुत्रं आत, माणूस बाहेर, दार मिटलं, आणि दाराच्या सेन्सरला बारीक दोरी दिसली नाही, तर लिफ्ट निघते. चार फुटांचा साधा पट्टा, हातभर धरलेला, आधी माणूस आत, कुत्रं कोपऱ्यात भिंतीच्या बाजूला, आपला पाय त्याच्या आणि इतरांच्या मध्ये.

जुना खेळाडू

काय ही झोळी आणि चिकन! सहा महिन्यांपर्यंत कुत्र्याला काही शिकवायचं नसतं, खेळू द्यायचं. सहाव्या महिन्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, घालायची, दोन झटके, कुत्रं सरळ. घरात म्होरक्या कोण ते त्याला एकदा कळलं की लिफ्ट काय नि रिक्षा काय. हल्लीची कुत्री तुकडा दिसला तरच ऐकतात. हाताला वास नसेल तर मालकाला ओळख दाखवत नाहीत.

माहीमची खाडी

सहा महिन्यांचा नियम कशामुळे आला ते बघा. झटका द्यायचा तर मान तेवढी पक्की व्हायला हवी, म्हणून थांबायचे. झटका काढून टाकला की थांबायचं कारणच उरत नाही. आठ आठवड्यांचं पिल्लू चार-पाच दिवसांत 'बस' शिकतं.

म्होरक्याची गोष्ट आली ती १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून. ती कल्पना सर्वांपर्यंत पोचवणाऱ्यांतल्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं.

झटक्यातली खरी अडचण नेम चुकण्याची आहे. सायकलवरचा मुलगा दिसला, कुत्रं पुढे झेपावलं, मानेला कळ आली. त्याने जोडणी काय केली? सायकल आली की दुखतं. आठवड्याने ते सायकलवर जास्त जोरात भुंकतं, आपण झटका वाढवतो. पग, शित्झू, पॉमेरेनियन ही फ्लॅटमध्ये सर्रास दिसणारी कुत्री. पग-शित्झूचा श्वासमार्ग मुळात अरुंद, पॉमेरेनियनची श्वासनळी दबून बसण्याची प्रवृत्ती. त्यांच्या गळ्यात साखळी नकोच.

तुकड्याबद्दल तुमची तक्रार मात्र रास्त आहे. तो हातात धरून, दाखवून काम करवलं की लाच होते. तुकडा खिशात, हात रिकामा, आधी कृती, मग खिशात हात. चार-पाच दिवसांनी प्रत्येक वेळी नाही, कधी तिसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा. आणि दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांवर जायचं नाही, नाहीतर सातव्या महिन्यात लॅब्रेडोर स्टुलासारखा चौकोनी होतो.

घाटकोपर पूर्व

खालीवरच्या ह्या वादात एक गोष्ट राहून गेली. वर कोंडलेलं पिल्लू शू कुठे करतं? पेपरावर. चार महिने. नंतर त्याला खाली नेलं की ते अर्धा तास चिखलात फिरून येतं, घरात शिरतं आणि आजोबांच्या हातातून खाली पडलेल्या आजच्या पेपरावर बसतं. ह्याला हट्ट म्हणतात लोक. पायाखाली कागद लागला की सोडायचं, हे आपणच चार महिने रोज आठ-दहा वेळा शिकवलेलं असतं. पायपुसणं, पसरलेली चादर, सगळं त्याला कागदासारखंच.

पेपर वापरायचाच तर बाल्कनीत, एकाच जागी, आणि दर तीन-चार दिवसांनी घडी लहान करत. त्यापेक्षा बरं म्हणजे ट्रेमध्ये लॉनची खरी हिरवळ, रोपवाटिकेत तुकडा मिळतो. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर १०-२० मिनिटांनी, खेळ थांबला की. वेळेचा ठोकताळा: महिन्यांत वय अधिक एक, तेवढे तास. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, तेही झोपेत. जागं असताना तासभर धरा. शू चालू असताना एकच शब्द, रोज तोच, हळू आवाजात. पुढे पावसात छत्री धरून उभं असताना ह्या शब्दाची किंमत कळते.

घरात झालं तर नाक घासू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग सोफ्यामागे करतं. आणि फिनेलने पुसलं तर आपल्याला वास येत नाही, त्याला येतो. एन्झाइमवालं क्लीनर आणा.

शंकासूर

पेपराचा मुद्दा मान्य, त्यात माझी बाजू लंगडी आहे. पण मग हिरवळीचा ट्रे वरच ठेवून प्रश्न सुटतो की, खाली न जाता.

बाकी सवयीही वर होतात. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल, रेनकोट-हेल्मेट घालून आत आलेला माणूस, उघडणारी छत्री. पंजे, कान, दात रोज हाताळणं. ताटली ओढून न घेता, जवळ जाऊन तीत काहीतरी चांगलं टाकणं, म्हणजे पुढे भांड्यापाशी गुरगुरणार नाही. ढोल-फटाक्यांचे आवाज मोबाइलवर, ते जेवत असताना, स्क्रीनवरच्या आवाजाच्या दोन काड्यांपासून, तीन मिनिटं; दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वर; खाणं थांबलं की दोन काड्या खाली. ऑगस्टमध्ये जन्मलेलं पिल्लू नेमक्या ह्याच वयात दिवाळीत सापडतं. त्या आठवड्यात कडेवर घेऊन खाली गेलात आणि शेजारी सुतळी बॉम्ब फुटला, तर जन्माची भीती बसेल. तेव्हा तरी वरच राहा.

रानडे रोड

दिवाळीबद्दल पूर्ण सहमत, त्या चार दिवसांत कुणीच नेऊ नये. पण मोबाइलच्या स्पीकरमधून ढोलाचा ठोका येतच नाही, नुसती टिपरी वाजते. खरा ढोल छातीत लागतो. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असताना खिडकीपाशी बसून खाऊ घालणं, हे रेकॉर्डिंगपेक्षा उपयोगी.

सेक्रेटरी नाही पण

कमिटीच्या बाजूने दोन ओळी. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी कुत्रं पाळायला किंवा लिफ्टने न्यायला बंदी घालू शकत नाही. म्हणून मालक छाती काढून येतात. पण पाळीव प्राण्यापासून इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महापालिकेचा परवानाही लागतो. ज्या कुत्र्याने लिफ्ट लहानपणी पाहिलेली असते त्याच्याबद्दल तक्रार क्वचित येते, एवढं मीही सांगेन. फक्त कृपा करून गर्दीच्या वेळी, सकाळी आठ ते साडेनऊ, सराव करू नका. ऑफिसला उशीर झालेला माणूस तुमच्या पिल्लाचा शिक्षक होऊ शकत नाही.

जुना खेळाडू

माझ्या साखळीवर सगळे तुटून पडलात, चालेल. पण घोट्याला चावणाऱ्या तीन महिन्यांच्या पिल्लाला काय चिकन द्यायचं? चावल्याबद्दल बक्षीस?

माहीमची खाडी

आधी घड्याळ बघायचं. पिल्लू दिवसाचे अठराएक तास झोपतं. संध्याकाळी सातला पाहुणे, टीव्ही, मुलं, आणि तीन तास जागं असेल तर ते चावतंच. झोपेला आलेलं लहान मूल तेच करतं. अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा, पाच मिनिटांत झोपेल. झोप झालेली असूनही चावलं, तर पाय स्थिर, खेळ बंद, दहा-पंधरा सेकंद पाठ फिरवायची. ओरडलं, पाय झटकला तर त्याला वाटतं आता शिकार पळाली. चौथ्या महिन्यापासून दात बदलतात, तेव्हा फ्रीझरमधलं गाजर द्या, पण समोर बसून.

शंकासूर

अवांतर, पण इथे कुणी बोललं नाही. 'बस' हा शब्दच शिकवू नका. मराठी घरात दिवसभर "बस झालं", "बस रे जरा", "ये, बस" चालू असतं, पिल्लाच्या कानाला तो शब्द भिंतीवरच्या घड्याळासारखा होतो. 'ये'चंही तेच.

घाटकोपर पूर्व

मग 'सिट' म्हणायचं का? आजींच्या तोंडून ते "शिट" येतं आणि नातवंडं लोळतात.

रानडे रोड

आधी हाताची खूण शिकवा. तळहात वर, कोपरातून उचललेला. पिल्लू आवाजापेक्षा हात लवकर वाचतं. ती पक्की झाली की खुणेच्या अर्धा सेकंद आधी शब्द. 'बैठ' घ्या, घरात दुसरं कुणी तो वापरत नाही, आजींनाही जमतो.