मुळकी की कोवलम? लाटांवर जाऊन आलेल्या बडोदेकरांनो, लिहा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन घरं मिळून सर्फिंग शिकायला निघणार आहोत. नावं दोनच उरली आहेत : कर्नाटकातलं मुळकी आणि चेन्नईजवळचं कोवलम. (केरळातलं कोवलम वेगळं, शोधताना तेच आधी समोर येतं.) आपल्याला जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोईचा. भरतीला स्तंभेश्वराची पिंडी पाण्याखाली जाते, ओहोटीला लांबवर चिखल. खंभातच्या आखातात पाणी अफाट चढतं-उतरतं, पण बोर्ड घेऊन उतरावं अशी लाट तिथे नाही. जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने लिहा. कोणत्या महिन्यात गेलात आणि बरोबर कोण होतं, हे जरूर सांगा.

दांडियाबाजारहून

आम्ही मुळकीला गेलो तेव्हा सासूबाई बरोबर होत्या, त्यामुळे जेवणाचा प्रश्न पहिला. तिथली सर्फिंगची सुरुवातच एका आश्रमातून झाली. अमेरिकेहून आलेल्या वैष्णव संन्याशांनी 2004 मध्ये ती केली. त्यांच्या क्लबात शाकाहारी जेवण, दारू-सिगारेट नाही. सासूबाई पहिल्याच संध्याकाळी निर्धास्त झाल्या.

पण माझ्या मते मुळकीचं खरं बळ नदीत आहे. शांभवी आणि नंदिनी तिथे समुद्राला मिळतात. समुद्र खवळलेला असला की शिकवणारे तुम्हाला शांभवीवर नेतात, मोठ्या बोर्डावर उभं राहून वल्हवायला. पाण्याला घाबरणारी माझी मुलगी आधी नदीत रमली, मग कमरेएवढ्या समुद्रात उतरली. फुटून आलेल्या लाटेच्या फेसावर ती पोटावर झोपून किनाऱ्यापर्यंत घसरत आली, तेव्हा मी वाळूत उभी राहून रडले. लालबागच्या तलावात तिला पोहायला शिकवताना दोन उन्हाळे गेले होते हो! सासूबाई तेवढ्यात बप्पनाडूच्या देवीला जाऊन आल्या. ते देऊळ बप्पा ब्यारी नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याने बांधलं, अशी आख्यायिका तिथले लोक अभिमानाने सांगतात. संध्याकाळनंतर मात्र गावात काही नाही. मुलांना बाजार, रोषणाई हवी असेल तर कंटाळतील.

फतेहगंजहून, विद्यार्थी

ताईंचं मुळकी छान, पण मी जुलैत कोवलमला गेलो होतो. पावसाळ्यात पश्चिम किनारा बंदच असतो, वाऱ्याने समुद्र घुसळलेला असतो. पूर्वेला त्याच दिवसांत दक्षिणेकडून लांबून आलेल्या लाटा नीट रांगेत येतात. 2025 ची आशियाई सर्फिंग स्पर्धा ऑगस्टमध्ये कोवलमजवळच्या महाबलीपुरमला झाली ती उगाच नाही. आपल्या रमेश बुदिहाळने तिथे ब्राँझ मिळवलं.

कोवलमला टोकापासून उजवीकडे लांब सुटणारी लाट आहे. ती शिकाऊंची नव्हे. आम्हाला बाजूच्या वाळूच्या पट्ट्यावर ठेवलं होतं. शिकवणारा मुलगा कोळ्यांच्या घरातला. मला सपाट दिसणाऱ्या पाण्याकडे बघून म्हणायचा, ‘थांब, तिसरी घे.’ आणि तिसरीच चांगली यायची! खांदे इतके भरून यायचे की रात्री कूस वळवता येत नव्हती, तरी पहाटे सगळ्यांच्या आधी मीच तयार. परत जाणार, कोवलमलाच.

रावपुऱ्यातून

प्रवासापुरतं सांगतो. ओखा–एर्नाकुलम गाडी बडोद्याहून कोकण रेल्वेने थेट जाते. उडुपी किंवा मंगळूर जंक्शनला उतरा, मुळकी दोन्हींच्या मधोमध. पावसाळ्यात त्या मार्गाच्या वेळा बदलतात. चेन्नईला नवजीवन एक्सप्रेस, पुढे ईसीआर म्हणजे ईस्ट कोस्ट रोडने टॅक्सी.

कारेलीबागहून, निवृत्त शिक्षक

गुडघ्यांमुळे मी पाण्यात उतरलो नाही, म्हणून किनाऱ्यावर बसणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. कोवलमला माझा एक क्षण रिकामा गेला नाही. किनाऱ्याला 2021 पासून ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं मानांकन) आहे, स्वच्छ आहे. गावात दर्गा आणि जुनं चर्च आहे. महाबलीपुरमच्या वाटेवर मगरींचं केंद्र लागतं, नातवाने तिथून निघायलाच नकार दिला. आणि महाबलीपुरमचं समुद्रकाठचं देऊळ, शोअर टेंपल! आठव्या शतकातल्या त्या दगडाला खारा वारा इतकी वर्षं झिजवतो आहे, तरी शिल्पं ओळखू येतात. घरातले निम्मे लोक सर्फिंग करणार नसतील, तर कोवलमच निवडा.

वाडीतून

काकांचं पटतं, पण धागा दिवाळीचा आहे! दिवाळीच्या सुमारास तमिळ किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो. आम्ही त्याच दिवसांत कोवलमला गेलो आणि बराच वेळ खोलीच्या खिडकीतून पाणी बघितलं. ज्यांच्याकडे शिकायला नाव नोंदवलं होतं त्यांनी पैसे परत केले नाहीत, तारीख बदलून देऊ म्हणाले. इतक्या लांबून तारीख बदलून काय करायचं? पैसे भरण्याआधी हे लेखी विचारून घ्या. मुळकीला ऑक्टोबरनंतर समुद्र निवळतो, लहान मुलांना लाटा बेताच्या मिळतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवाळीला मुळकी ठरलं, उडुपीपर्यंतची तिकिटं आज काढते. फतेहगंजच्या दादांना एक विचारायचं आहे : जुलैत कोवलमला दहा वर्षांच्या मुलाला घेतात का, की त्या लाटा त्याला जड जातील? आमचा थोरला आत्तापासूनच मागे लागला आहे.