पोकरचा एकच प्रकार पक्का करावा, की अनेक शिकावेत?

पत्तेप्रेमी: टेक्सास होल्डेम जमू लागले की पुढची सगळी वर्षे त्यातच घालवावीत, असा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. होल्डेममध्ये हातात दोन पाने आणि मधोमध पाच सामाईक पाने असतात. ओमाहात हातात चार पाने येतात, पण त्यांतली नेमकी दोनच वापरावी लागतात. चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या निघत असल्यामुळे, सामाईक पानांवरून जो मोठा हात (पाच पानांचा संच) बनू शकतो तो समोर कुणाकडे तरी बनलेला असण्याची शक्यता बरीच वाढते. होल्डेममध्ये दोन एक्के दोन राजांविरुद्ध 100 पैकी सुमारे 82 वेळा जिंकतात. ओमाहात मात्र सोबतची दोन पाने निरुपयोगी असतील, तर तेच एक्के चार सलग आणि रंग जुळणाऱ्या पानांसमोर निम्म्याच्या आसपासच डाव जिंकतात. एक्क्यांची जोडी दिसताच सर्वस्व पणाला लावणे ही होल्डेमची सवय आहे, पोकरचा नियम नव्हे, हे मला ओमाहा खेळल्यावरच उमगले.

आकडेमोड: उदाहरण योग्य आहे, निष्कर्ष मला पटत नाही. होल्डेममध्ये सुरुवातीच्या दोन पानांच्या 1,326 जोड्या होतात, तर ओमाहात चार पानांचे 2,70,725 संच होतात. पहिल्या आकड्याचाच अभ्यास अपुरा असताना दुसऱ्याकडे वळणाऱ्याच्या सवयी एकमेकींत मिसळतात. घरी चिंचोके लावून ओमाहा खेळताना माझ्या हातात इस्पिकचा एक्का होता, दुसरे इस्पिक नव्हते आणि मध्ये चार इस्पिक पडली होती. होल्डेमच्या सवयीने मी तो फ्लश (एकाच रंगाची, म्हणजे इथे इस्पिकची, पाच पाने) समजून शेवटपर्यंत चिंचोके वाढवत गेलो. हातातली दोन पाने वापरणे सक्तीचे असल्याने माझ्याकडे फ्लश नव्हताच. ही चूक नियम न कळल्याची नव्हती, तो मला तोंडपाठ होता.

पत्तेप्रेमी: ती चूक पुन्हा झाली का? माझा मुद्दा त्याहून खोलवरचा आहे. आपल्याकडे तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठी असते, पोकरमध्ये मात्र फ्लश स्ट्रेटपेक्षा (सलग पाच पाने) मोठा. दोन्हीकडे क्रम दुर्मीळपणावर ठरलेला आहे: तीन पानांत साध्या सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096 निघतात, तर पाच पानांत स्ट्रेट 10,200 आणि फ्लश 5,108. दुरी ते पंजी काढून 36 पानांनी खेळल्या जाणाऱ्या शॉर्ट डेकमध्ये फ्लश फुल हाउसलाही (एका किमतीची तीन आणि दुसऱ्या किमतीची दोन पाने) हरवतो, कारण तिथे फ्लश 480 आणि फुल हाउस 1,728 होतात. एकाच प्रकारात राहणारा हा क्रम पाठ करतो. तीन प्रकार खेळलेला त्यामागचे कारण विचारू लागतो.

मेंढीकोटवाला: मी सेव्हन कार्ड स्टडच्या बाजूने बोलतो. त्यात सहसा सामाईक पाने नसतात; प्रत्येकाची चार पाने उघडी आणि तीन झाकलेली असतात. डाव सोडणाऱ्याची उघडी पाने उचलली जातात आणि ती लक्षात ठेवावी लागतात. माझ्याकडे चार किलवर असतील तर उरलेली नऊ कुठेतरी असतात, पण त्यांतली चार इतरांसमोर दिसून गेली असतील तर माझ्यासाठी पाचच उरली. मेंढीकोटमध्ये कुठली दहिली गेली आणि हुकूम किती उरले हे मोजणाऱ्याला ही शिस्त ओळखीची वाटेल. होल्डेममध्ये तिची गरज फारशी पडत नाही, म्हणून ती घडतही नाही.

आकडेमोड: स्टडबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही अनेक प्रकारांच्या थोरवीसाठी 2006 सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या 50,000 डॉलर प्रवेशशुल्काच्या, पाच प्रकार आलटून-पालटून खेळायच्या ‘हॉर्स’ स्पर्धेचा दाखला दिला जातो, तेव्हा एक गोष्ट सांगायची राहते. अमेरिकन खेळाडू चिप रीस यांनी ती जिंकली खरी, पण त्या वर्षी अंतिम टेबलावर फक्त नो-लिमिट (पैजेला मर्यादा नसलेले) होल्डेम खेळले गेले होते.

पत्तेप्रेमी: त्या टेबलापर्यंत पोहोचायला होल्डेम, ओमाहा हाय-लो, रॅझ, स्टड आणि स्टड हाय-लो (हाय-लो म्हणजे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान हात रक्कम वाटून घेतात) या पाचही प्रकारांतून जावे लागत होते, आणि 2007 पासून अंतिम टेबलही मिश्र प्रकारांचे झाले. रॅझमध्ये तर सर्वांत लहान हात जिंकतो. एक्का-दुरी-तिर्री-चव्वी-पंजी हा तिथला सर्वोत्तम हात असतो.

आकडेमोड: मग निदान क्रम तरी ठरवू या. होल्डेमनंतर लगेच ओमाहा नको, कारण दोन्ही इतके सारखे दिसतात की जुनी सवय नकळत पुढे येते. आधी स्टड शिकावा, कारण तो इतका वेगळा आहे की होल्डेमची सवय तिथे शिरकाव करू शकत नाही. टूर्नामेंट आणि कॅश गेम यांतला फरक मात्र होल्डेममध्येच शिकता येतो: कॅशमध्ये चिप्स दुप्पट झाल्या की रक्कमही दुप्पट होते, टूर्नामेंटमध्ये बक्षिसाच्या उंबरठ्यावर दुप्पट चिप्सची किंमत दुपटीहून कमीच भरते. त्यासाठी नवा प्रकार शिकण्याची गरज नाही.

मेंढीकोटवाला: हा क्रम मला मान्य आहे. रविवारी घरी स्टडचा डाव मांडतो. चिंचोके प्रत्येकी 100 आणि उघडलेली पाने कागदावर टिपून ठेवायची नाहीत.