मदत हवी आहे: रेडशिफ्टचा वार्षिक बदल काढताना उत्तर चौपट येतंय

रेडशिफ्ट, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाच्या तरंगलांबीत झालेली वाढ, काळानुसार किती बदलते हे थेट मोजायची चाचणी संगणकावर करून बघायची आहे. ती खगोलशास्त्रज्ञ सँडेजने १९६२ मध्ये मांडली आणि लोएबने १९९८ मध्ये क्वेसारच्या (अतिदूरच्या, अतितेजस्वी आकाशगंगाकेंद्राच्या) लायमन-अल्फा रेषांसाठी, म्हणजे वाटेतल्या हायड्रोजनने प्रकाश शोषल्यामुळे वर्णपटात पडणाऱ्या रेषांसाठी, पुढे आणली. एकाच क्वेसारचे दहा वर्षांच्या अंतराने दोन कृत्रिम वर्णपट बनवून त्यांतला फरक परत काढता येतो का, हे तपासायचंय.

हबल स्थिरांक (प्रसरणाचा आजचा दर) ७० किमी/से/मेगापार्सेक, द्रव्याचा वाटा ०.३, विश्व सपाट. रेडशिफ्ट ३ ला (१+३)×७० = २८०, त्या काळचा हबल दर ३१२.३, फरक उणे ३२.३. म्हणजे रेडशिफ्ट वर्षाला ३.३ × १० चा −११ वा घात इतकी घटते. प्रकाशवेगाने गुणल्यावर वर्षाला जवळजवळ उणे १ सेमी/से येतो. सगळीकडे मात्र उणे पाव सेमी/से दिलेला दिसतो. चूक कुठे? शिवाय नॉइज म्हणून सध्या फक्त फोटॉनांचा धरलाय, लिस्के आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या सूत्राने. आणखी काय धरावं?

प्रतिसाद १

(१+झेड) ने भागायचं राहिलंय (झेड म्हणजे रेडशिफ्ट). वर्णपटात मोजली जाते ती तरंगलांबीतली सापेक्ष वाढ, आणि ती रेडशिफ्टमधला बदल भागिले (१+झेड) असते. ०.९९ ला ४ ने भागा, ०.२५ येईल. तुमच्याच आकड्यांनी रेडशिफ्ट १ ला वर्षाला अधिक ०.२६, २ च्या किंचित पुढे शून्य आणि ४ ला उणे ०.५ सेमी/से मिळेल.

पण खरी गडबड पुढे होते. अख्खा वर्णपट एकाच आकड्याने सरकवू नका. रेडशिफ्ट ३ च्या क्वेसारमध्ये लायमन-बीटाच्या (हायड्रोजनच्या पुढच्या, आखूड तरंगलांबीच्या रेषेच्या) अलीकडच्या लायमन-अल्फा रेषा रेडशिफ्ट साधारण २.४ पासून ३ पर्यंत पसरलेल्या असतात. २.४ ला बदल वर्षाला फक्त उणे ०.०८ आहे. प्रत्येक रेषेला तिच्या रेडशिफ्टप्रमाणे सरकवा.

सरकवायचं तेही पिक्सेलवरच्या वर्णपटाला नाही. पिक्सेल ५०० मी/सेचा असेल तर दहा वर्षांतले २.५ सेमी/से म्हणजे पिक्सेलचा वीस हजारावा भाग. इंटरपोलेशनची चूक त्याला सहज गिळते. रेषांच्या यादीतून व्हॉइट प्रोफाइल (प्रत्येक रेषेच्या आकाराचं गणिती सूत्र) नव्याने मोजा आणि मग पिक्सेलमध्ये बसवा. तरंगलांब्या डबल प्रिसिजनमध्येच ठेवा. सिंगल प्रिसिजनची नुसती राउंडिंगची चूक १८ मी/सेपर्यंत जाते.

प्रतिसाद २

सूर्याचं त्वरण धरलंत का? सूर्य आकाशगंगेच्या केंद्राकडे सतत खेचला जातोय. गाइया या अवकाश दुर्बिणीने क्वेसारांच्या भासमान सरकण्यावरून ते त्वरण मोजलं: २.३२ × १० चा −१० वा घात मी/से². वर्षाचा हिशोब केला तर ०.७३ सेमी/से, म्हणजे तुमच्या सिग्नलच्या जवळपास तिप्पट! क्वेसार केंद्राच्या दिशेला असेल तर एकूण बदल वर्षाला उणे ०.९८ दिसेल, बरोबर विरुद्ध दिशेला असेल तर अधिक ०.४८, म्हणजे चिन्हच उलटं. केंद्रापासूनच्या कोनाच्या कोसाइनने गुणून ही दुरुस्ती करा.

मूळ धागाकर्ता

भागाकाराची चूक सुधारली, आता ०.२५ येतंय. मनापासून आभार. सूर्याची दुरुस्ती गाइयाच्या आकड्याने करून टाकली की ते प्रकरण संपलं ना?

प्रतिसाद २

नाही. त्या आकड्यात सुमारे ७ टक्के अनिश्चितता आहे, म्हणजे वर्षाला ०.०५ सेमी/से, तुमच्या सिग्नलचा पाचवा हिस्सा. आणि ही चूक जास्त क्वेसार घेऊन आपोआप विरत नाही, विशेषतः सगळे आकाशाच्या एकाच बाजूला असतील तर. दोन्ही बाजूंचे क्वेसार घ्या आणि त्वरणाचे तिन्ही घटक फिटमध्ये मोकळे सोडा.

प्रतिसाद ३

आता वेधशाळेच्या बाजूचं. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याने विषुववृत्तावर दृष्टिरेषेतला वेग सेकंदाला ३.४ सेमी/सेपर्यंत बदलतो. एक्स्पोजरचा मध्यक्षण एका सेकंदाने चुकला की दहा वर्षांच्या सिग्नलहून मोठी चूक होते. शिवाय हा मध्यक्षण घड्याळाने नाही, प्रकाश किती आला त्या भाराने काढायचा, कारण ढग आला तर तो सरकतो. यादृच्छिक चुका हजार एक्स्पोजरमध्ये विरतात, घड्याळाची कायमची चूक विरत नाही.

तरंगलांबीचं माप ठरवायला नेहमी वापरतात तो थोरियम-आर्गॉन दिवा इथे पुरत नाही, अणुघड्याळाला जोडलेला लेझर कोंब (समान अंतरावरच्या अचूक रेषा देणारा लेझर) लागतो. तरीही सीसीडीवर (कॅमेऱ्याच्या प्रकाशग्राहक चिपवर) प्रभार वाहून नेताना थोडा मागे राहतो, आणि अंधुक प्रकाशात त्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून लख्ख कोंब आणि अंधुक क्वेसार सारखे सरकत नाहीत. हा परिणाम दोन वर्णपटांच्या मधल्या काळात बदलला, तर तो थेट तुमच्या सिग्नलसारखा दिसतो. सिम्युलेशनमध्ये दुसऱ्या वर्णपटाला तो थोडा वाढवून द्या आणि तुमची पद्धत फसते का ते बघा.

आणखी एक. जमिनीवरून लायमन-अल्फा साधारण रेडशिफ्ट १.७ च्या पुढेच दिसते, त्यामुळे विस्तार वेगाने वाढतोय ही अधिक चिन्हाची बाजू यात जेमतेम येते. ती हवी असेल तर २१ सेमीच्या हायड्रोजन रेषेचं सिम्युलेशन करा. रेडशिफ्ट १ ला ती ७१० मेगाहर्ट्झवर येते आणि दहा वर्षांत ०.०६ हर्ट्झने खाली सरकते.