तुमच्या घरी कुणाचं लक्ष किती टिकतं? अनुभव सांगा

नागपूरच्या महाल भागात २२ वर्षांपासून मराठीच्या शिकवण्या घेते. धडा वाचून दाखवला की पोरं दोन-तीन पानं सहज ऐकायची. आता दुसऱ्याच परिच्छेदाला कुणीतरी म्हणतं, "मॅडम, शेवटी काय होते ते सांगून द्या न." पोरांवर चिडणार होते. पण परवा रात्री साडेअकरा ते एक मीच रील्स पाहत बसले, आणि सकाळी त्यातलं एकही आठवेना. म्हणून विचारते आहे. वय लिहा आणि घडलेलं सांगा, उपदेश नको.

धंतोली, वय ७३
२००८च्या नोव्हेंबरात जामठ्याला ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी पाचही दिवस मैदानात बसून पाहिली. सोबत पोळीभाजीचा डबा. गांगुलीची ती शेवटची कसोटी, आणि ऑस्ट्रेलियाच्या त्या फिरकीवाल्या क्रेझानं पदार्पणातच १२ बळी घेतले. त्याचा एकेक चेंडू आठवतो. आता घरी कसोटी लागली की चौथ्या षटकाला हात फोनकडे जातो. नातवाला रोज म्हणायचो, "काय फोन पाहून राहिला बे!" मागच्या महिन्यात टाळ्या ऐकून मान वर केली, तेव्हा कळलं की शतक झालं. त्या दिवसापासून त्याला बोललो नाही.

मानेवाडा, वय ३४
मुलगा ४ वर्षांचा आहे. फोन लावल्याशिवाय जेवत नाही, आणि लावला की वरणभाताचा घास गालात तसाच राहतो, गिळायचं भान नसतं. हे मीच लावलं, ऑफिसची घाई असते म्हणून. एका रात्री सासूबाई त्याला चिऊ-काऊची गोष्ट सांगत होत्या. पाऊस सुरू व्हायच्या आतच त्यानं हवेत बोट वर सरकवलं आणि म्हणाला, "आजी, दुसरी लाव." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, पांघरूण नीट करून उठल्या. मला रात्रभर झोप आली नाही.

हॉस्टेल, वय २०
२०२०च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं, जुलैत रील्स आले. आम्ही तेव्हा नववीत होतो, वर्गही फोनवरच. त्यामुळे शिकणं आणि स्क्रोल करणं एकाच काचेवर झालं. आता लेक्चर दुप्पट वेगानं ऐकतो. त्याचं काही वाटत नव्हतं. पण रूममेट वडिलांच्या ऑपरेशनचं सांगत होता, अडखळत, थांबत, आणि माझ्या मनात आलं की यालाही वेग वाढवता आला असता तर! त्याची फार लाज वाटते.

त्रिमूर्तीनगर, वय ४१
ग्लोरिया मार्क या संशोधिकेनं माणसं एका स्क्रीनवर किती वेळ टिकतात ते मोजलं. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं होती, अलीकडच्या मोजणीत ती ४७ सेकंदांवर आली. यावरून लक्ष द्यायची ताकदच संपली असं ठरत नाही. आपण किती लवकर दुसरीकडे वळतो, एवढं कळतं. मी फुटाळा तलावावर जाताना फोन गाडीच्या डिक्कीत ठेवतो. पहिली दहा मिनिटं हात खिसा चाचपतो. मग पाणी दिसायला लागतं.

महाल
मानेवाड्याच्या ताई, आजींनी पुन्हा गोष्ट सांगितली का हो?

मानेवाडा
हो. आता लाइट बंद करून सांगतात, फोन दुसऱ्या खोलीत असतो. कावळ्याचं शेणाचं घर वाहून जाईपर्यंत जागा राहतो.